पिंपळे सौदागर येथील मधलें घर: डॉ. मॅन यांच्या पाहणीची परीक्षा

पुणें जिल्ह्यांतील पिंपळे सौदागर या गांवीं दर खात्यामागें सरासरी जमीन इ. स. १७७१ मध्यें ४० एकर, १८१८ मध्यें साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळांत १४ एकर आणि १९१४-१५ मध्यें अवघी ७ एकर होती, असे चार आंकडे भारतीय अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून वारंवार उद्धृत होत आले आहेत. त्यांवरून दख्खनचा कुणबी दीडशें वर्षांत जवळजवळ सहापट दरिद्री झाला, असें अनुमान काढण्याचा परिपाठ पडून गेला आहे. हे आंकडे डॉ. हॅरल्ड मॅन यांच्या 'लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज' या १९१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतले होत. त्यास शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. तरी एका लहानशा स्थळाच्या स्थितीचा दीर्घकालीन हिशेब मांडूं पाहणारा इतका बोलका ग्रंथ क्वचितच हातीं लागतो. सबब त्याची परीक्षा एकाच प्रश्नापुरती करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न असा कीं, पिंपळे सौदागर येथील मधल्या घराची मिळकत निरनिराळ्या काळीं किती होती, हें या ग्रंथावरून सांगतां येतें काय? आमचें उत्तर थोडक्यांत असें: ज्या कोष्टकाची ख्याति झाली तें या प्रश्नास उत्तर देत नाहीं, ज्याची तितकी झाली नाहीं तें बऱ्याच अंशीं देतें, आणि उरलेलें उत्तर छापील ग्रंथांत नसून आमच्या वाचकांच्या घरच्या रुमालांत आहे.

प्रथम मधलें घर म्हणजे काय, हें स्पष्ट केलें पाहिजे. गांवांतील सर्व घरें मिळकतीच्या क्रमानें एका ओळींत उभीं केलीं, तर ज्याच्या वर जितकीं घरें तितकींच खालीं राहतात, तें मधलें घर. आणि त्याची जी मिळकत तिला गणिती मध्यक म्हणतात. सरासरी ही निराळी वस्तु आहे. एक कल्पित उदाहरण घेऊं. सात घरांच्या एका वाडीवर पाटलाची वार्षिक मिळकत ७०० रुपये, कुळकर्ण्याची ३५०, व बाकी पांच घरांची अनुक्रमें ६०, ५५, ५०, ४५ व ४० रुपये आहे. बेरीज १३०० रुपये. सरासरी दर घरीं सुमारें १८६. परंतु १८६ च्या आसपास मिळकत असलेलें घर त्या वाडीवर एकही नाहीं. मधलें घर ५५ रुपयांचें आहे. उद्यां पाटलाची मिळकत दुप्पट झाली तर सरासरी सुमारें २८६ वर जाईल. मधल्या घराच्या चुलीवर मात्र एक भाकर अधिक चढणार नाहीं. गांव सुखी होता कीं दुःखी, असें जेव्हां आपण विचारतों, तेव्हां बहुधा आपल्या मनांत या मधल्या घराचीच विचारपूस असते.

असें असतां इतिहासलेखक सरासरीकडेच कां वळतात, याचें कारण कागदांच्या स्वरूपांत आहे. जमाबंदीच्या कागदांत गांवची ऐन जमा एकरकमी मिळते, लागवडीच्या जमिनीचा एकंदर आंकडा मिळतो, आणि खात्यांची संख्याही मिळते. भागाकार केला कीं सरासरी तयार. मध्यकास बेरजेचा कांहीं उपयोग नाहीं. त्यास कुळवार यादीच लागते. जेथें यादी गहाळ होऊन केवळ तेरीज शिल्लक राहिली, तेथें सरासरी जिवंत राहते व मधलें घर नाहींसें होतें.

आतां ग्रंथाकडे वळूं. डॉ. मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह या गांवाची माती, पाणी, पिकें, जमिनीची वांटणी, कर्ज व घरोघरची स्थिति यांची जी छाननी केली, तीस त्या काळीं या देशांत फारच थोडी तोड होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ निरनिराळ्या तुकड्यांत विखुरलेली असून त्यांपैकीं ४६३ तुकडे एकराहून व ११२ तर पाव एकराहूनही लहान होते, हें त्यांनीं मोजून दाखविलें. हे आंकडे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत, कारण ते सरासरी नव्हत. ७२९ पैकीं ४६३ म्हणजे निम्म्याहून पुष्कळच अधिक; अर्थात् मधला तुकडा एकराच्या आंतला होता, हें त्यांवरून निःसंशय ठरतें. ग्रंथकारांनीं मध्यकाचें नांव घेतलें नसलें तरी येथें तो त्यांच्या हातीं आलेला आहे. जे ग्रंथकार १९१५ च्या सुमाराची स्थिति इतक्या बारकाईनें मांडतात, त्यांच्याच ग्रंथांतील जुन्या काळाच्या कोष्टकास मात्र ही कसोटी लावली असतां तें उतरत नाहीं.

पहिला आक्षेप भाजकाविषयीं. ७ एकर ही सरासरी खात्यामागें आहे, घरामागें नव्हे. खातेदार १५६, आणि ज्या कुटुंबांच्या स्थितीची तपासणी झाली तीं १०३. सात एकरांप्रमाणें १५६ खात्यांची जमीन सुमारें १०९० एकर होते. तीच १०३ कुटुंबांवर वांटली तर दर कुटुंबास साडेदहा एकरांहून थोडी अधिक येते. साडेदहा हाच खरा आंकडा, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. खातेदारांत परगांवचे लोक असूं शकतात, आणि कुटुंबांत भूमिहीनही असूं शकतात. परंतु केवळ भाजक बदलल्यानें जो आंकडा दिढीनें वाढतो, त्यावर घराच्या दारिद्र्याचें माप घेणें धोक्याचें आहे, इतकें यावरून उघड होतें.

दुसरा आक्षेप १७७१ च्या टोकाविषयीं. हा आंकडा अव्वल इंग्रजीच्या पूर्वीचा असल्यामुळें तो मुळांत मराठी कागदावरचाच असला पाहिजे. आणि मराठी कागदावर 'एकर' कधींच नसतो. तेथें बिघे, पांड व चाहूर असतात. वीस पांडांचा बिघा हें माप कायम धरलें, तरी काठीची लांबी व जमिनीची प्रत यांनीं प्रत्यक्ष क्षेत्र बदलतें. हलक्या जमिनीचा बिघा कित्येक गांवीं सवलतीनें मोठा धरीत. शिवाय वसुली साल मृगसालाप्रमाणें चालत असल्यामुळें इ. स. १७७१ हें एकच साल नव्हे. त्याचा पूर्वार्ध सुहूर सनाच्या इहिदे सबैनांत व उत्तरार्ध इसन्ने सबैनांत पडतो. कोणत्या सालची लावणी घेतली, हें समजल्यावांचून शेजारच्या कागदाशीं ताळा घालतां येत नाहीं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, पेशवाईंतील मिराशी थळ मूळ पुरुषाच्या किंवा वडील भावाच्या नांवें चाले व त्याखालीं चार चार भाऊबंदांच्या चुली पेटत. इंग्रजी अमलांत खातीं फुटलीं व प्रत्येक भाऊ सरकारी कागदावर स्वतंत्र दिसूं लागला. म्हणून ४० पासून ७ पर्यंतच्या उतरणींत जमिनीच्या खऱ्या विभागणीचा भाग किती व केवळ नांवें फुटल्याचा किती, हें कोष्टक सांगूं शकत नाहीं. मिरासदार तेवढे मोजले असतील व उपरी कुळें गळलीं असतील, तर जुनी सरासरी आणखीच फुगलेली असणार.

तिसरा आक्षेप सर्वांहून मूलगामी आहे. जमीन म्हणजे मिळकत नव्हे. पेशवाईंतल्या कुणब्याच्या घरीं शेताबरोबर कोणाची शिलेदारी, कोणाची बारगिरी, कोणाचे भाड्याचे बैल असत. बलुतेदारांचें उत्पन्न तर खळ्यावरच्या वांट्यानें येई व त्याचा जमिनीच्या कोष्टकांत मागमूसही नसतो. इकडे विसाव्या शतकांत हें गांव पुणें व खडकी यांच्या शेजारीं असल्यानें मजुरीचा पैसा घरांत येऊं लागला. याचा पुरावा खुद्द डॉ. मॅन यांच्या दुसऱ्या कोष्टकांत आहे, आणि आमच्या मतें ग्रंथाचें सारें मोल तेथेंच आहे. त्यांनीं १०३ कुटुंबांचे तीन वर्ग पाडले. केवळ जमिनीवर ज्यांचें ठीक चालत होतें अशीं कुटुंबें ८. बाहेरची कमाई धरून ज्यांचें ठीक चालत होतें अशीं २८. आणि दोन्ही धरूनही ज्यांची तोंडमिळवणी होत नव्हती अशीं ६७. म्हणजे सुस्थितींतल्या ३६ पैकीं २८ घरें बाहेरच्या पैशावर उभीं होतीं. केवळ एकर मोजणाऱ्यास तीं दिसलींच नसतीं.

आतां या १०३ कुटुंबांची ओळ लावा. मधलें कुटुंब बावन्नावें. खालच्या वर्गांत ६७ असल्यामुळें तें बावन्नावें कुटुंब त्या वर्गांतच पडतें. मधल्या घराची मिळकत नेमकी किती रुपये, हें यावरून कळत नाहीं. परंतु ती त्याच्या गरजेस पुरत नव्हती, हें कळतें. येथें एक सावधगिरी अवश्य आहे. ही ओळ मिळकतीची नसून मिळकत व गरज यांच्या अंतराची आहे. मोठ्या कुटुंबाची मिळकत अधिक असूनही तें खालच्या वर्गांत असूं शकतें. तथापि घराची स्थिति जाणण्यास हा क्रम उलट अधिकच उपयोगी म्हणतां येईल. या ग्रंथाचा दुसरा भाग श्री. कानिटकर यांच्या सहकार्यानें १९२१ मध्यें निघाला. त्यांत शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक या अधिक कोरड्या प्रदेशांतल्या गांवाचीं १४७ कुटुंबें याच रीतीनें विभागलीं असून तो विभाग १०, १२ व १२५ असा आहे. तेथलें मधलें घर चौऱ्याहत्तरावें. तें तर तळच्या वर्गांत खोलवर आहे. दोन गांवांची ही तुलना चाळीस व सात एकरांच्या तुलनेपेक्षां कितीतरी पक्की आहे, कारण दोन्हीकडे मोजणारे तेच, माप तेंच, व काळही जवळजवळ तोच.

यावरून आमचा निर्णय असा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत पिंपळे सौदागरचें मधलें घर ओढगस्तीचें होतें, हें डॉ. मॅन यांनीं सिद्ध केलें. १७७१ मध्यें तें तसें नव्हतें, हें मात्र त्यांच्या ग्रंथानें सिद्ध होत नाहीं. पूर्वींचा काळ सोन्याचा होता असें म्हणणारे आणि पूर्वींही हीच दैना होती असें म्हणणारे, या दोन्ही पक्षांस एकराच्या कोष्टकावर आपली इमारत उभारण्याचा अधिकार नाहीं.

पुढच्या काळाचें काय, असें कोणी विचारील. याच गांवाची श्री. पु. द. डिसकळकर यांनीं फेरपाहणी केली व तीवरील पुस्तक १९६० मध्यें प्रसिद्ध झालें. शेजारच्या पुणें शहराची पाहणी प्रो. धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखालीं गोखले अर्थशास्त्रसंस्थेनें केली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ मध्यें आणि फेरपाहणीचा वृत्तांत १९५६ मध्यें बाहेर पडला. अशा पाहण्यांत कुटुंबें उत्पन्नाच्या वर्गांनीं मांडलेलीं असलीं, तर मध्यक काढण्याची रीत सोपी आहे. समजा शंभर कुटुंबांपैकीं ३८ दरमहा वीस रुपयांच्या आंत आहेत व २४ कुटुंबें वीस ते तीस या वर्गांत आहेत. पन्नासावें कुटुंब या दुसऱ्या वर्गांत बारावें, म्हणजे ऐन मध्यावर, येतें. सबब मध्यक सुमारें पंचवीस रुपये. यांत वर्गाच्या आंत कुटुंबें समप्रमाणांत पसरलेलीं आहेत असें गृहीत धरलेलें असतें, आणि लोक मिळकत सांगतांना पूर्ण आंकडा सांगतात हें लक्षांत घेतां तें गृहीत सैल आहे. म्हणून पंचवीस हा अंदाज व वीस ते तीस ही मर्यादा, असें दोन्ही लिहिणें प्रामाणिकपणाचें होय. अशा पाहण्यांचें मोल अधिक वाटण्याचें कारण हें कीं, भारताच्या जनगणनेत घराच्या उत्पन्नाचा प्रश्न विचारला जात नाहीं. अमेरिकेंत तो १९४० च्या जनगणनेत प्रथम विचारला गेला. त्यामुळें एखाद्या गांवाचा मध्यक आपल्याकडे विशेष पाहणीवांचून मिळत नाहीं.

तथापि स्थळाच्या नांवानें फसूं नये. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत असून जेथें शेतें होतीं तेथें बहुमजली वसाहती उभ्या आहेत व बाहेरगांवाहून आलेलीं हजारों कुटुंबें तेथें नांदत आहेत. तेथील आजचें मधलें घर १९१५ च्या मधल्या घरापेक्षां पुष्कळ संपन्न असणार. परंतु त्यावरून डॉ. मॅन यांच्या ६७ कुटुंबांचे वंशज संपन्न झाले, असें अनुमान काढतां येत नाहीं. स्थळाचा मध्यक व वंशाचा मध्यक हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्यास त्या त्या काळची यादी पुरते. दुसऱ्यास त्याच घराण्यांचा पिढ्यानपिढ्या माग काढावा लागतो. तसेंच नुसत्या रुपयांची तुलनाही निरुपयोगी आहे. पेशवाईंतला अंकुशी रुपया, त्याचा बट्टा, आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत चढलेले भाव ध्यानांत घेतां, मिळकत ज्वारीच्या मापांत मांडणें अधिक सुरक्षित. मात्र तेथेंही मण बारा पायल्यांचा कीं सोळा पायल्यांचा, हें कागदावरूनच ठरविलें पाहिजे.

मग पेशवाईंतल्या मधल्या घराचा शोध अशक्यच समजावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आणि येथें मध्यकाचा एक गुण उपयोगी पडतो, त्याकडे संग्राहकांचें लक्ष वेधण्याची आमची इच्छा आहे. सरासरीस प्रत्येक घराची मिळकत लागते. मध्यकास टोंकाच्या घरांची मिळकत लागत नाहीं, केवळ त्यांची संख्या लागते. समजा एका गांवच्या खानेसुमारींत १०१ घरें आहेत. त्याच सालच्या घरपट्टीच्या यादींत ६१ घरांची रक्कम लिहिली आहे, ३४ घरें नादार म्हणून सोडलीं आहेत व ६ घरांस माफी आहे. नादारांची मिळकत आपणांस ठाऊक नाहीं. पण तीं तळाशीं आहेत हें निश्चित. मधलें घर एकावन्नावें, म्हणजे पट्टी देणाऱ्यांत खालून सतरावें. माफीचीं सहा घरें वतनदारांचीं म्हणून वर धरलीं तर हा हिशेब; तीं दरिद्री भिक्षुकांचीं असल्यानें खालीं धरलीं तर मधलें घर खालून अकरावें. म्हणजे अकराव्या व सतराव्या घरांच्या दरम्यान कोठें तरी तें आहे, इतकें खात्रीनें सांगतां येतें. पट्टीच्या रकमेवरून मिळकतीचा अदमास करण्यास आणखी पुरावा लागेल; परंतु मधलें घर सांपडलें, त्याच्या धन्याचें नांव कळलें, कीं थळझाड्यांत, लावणीपत्रकांत व सावकाराच्या वहींत त्याचा माग काढतां येतो.

परंतु या पद्धतीस एक अट आहे. खानेसुमारी, पट्टीची यादी व लावणीपत्रक हीं एकाच गांवचीं, जवळजवळच्या सालांचीं, आणि तीं एकत्र राहिलेलीं असलीं पाहिजेत. आमच्या संग्रहांची रीत याच्या उलट पडत आली आहे. शिक्क्याची सनद, मोर्तबाचें पत्र, एखाद्या लढाईची बातमी, हीं रुमालांतून वेगळीं काढून कांचेखालीं ठेवण्यांत येतात. आणि ज्या यादींत सोनार, परीट, उपरी कुणबी व विधवा बाईचें घर एका खालीं एक लिहिलें आहे, ती किरकोळ म्हणून कसरीच्या किंवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन होते. श्री. ना. गो. चापेकर यांनीं १९३७ मध्यें 'पेशवाईच्या सावलींत' या ग्रंथांत खासगी दप्तरांतले जमाखर्च निवडून छापले, तेव्हां भाव व मजुरी यांची जी माहिती उजेडांत आली ती या किरकोळ म्हटलेल्या कागदांचीच होती. मात्र ज्यांच्या घरीं जमाखर्च लिहिला जाई तीं घरें थोर. मधल्या घरानें आपली वही ठेवली नाहीं. तें घर दुसऱ्याच्या यादींत एका ओळीपुरतें उरलें आहे.

म्हणून वाचकांस आमची सूचना आहे. आपल्या दप्तरांत एखाद्या गांवची घरवार किंवा कुळवार यादी असल्यास, ती अपूर्ण असली, रकमा फाटून गेल्या असल्या, केवळ नांवें उरलीं असलीं तरी ती टाकूं नये. ज्या रुमालांत ती सांपडली त्यांतून तिला अलग करूं नये. करावी लागलीच तर कोणत्या रुमालांतली, कोणत्या कागदांच्या मध्यें होती, हें पाठीवर नोंदून ठेवावें. छापतांना तेरीज तेवढी देऊन ओळी गाळूं नयेत. नादार, परागंदा, माफ अशीं जीं घरें पट्टींतून वगळलीं असतील त्यांची संख्या तरी अवश्य द्यावी. डॉ. मॅन यांनीं आपल्या काळच्या १०३ घरांच्या दारीं जाऊन जें काम केलें, तें १७७१ च्या घरांच्या बाबतींत आतां कोणाच्यानेंही होणें नाहीं. त्या घरांची जी ओळ शिल्लक असेल ती राखणें, एवढेंच आपल्या हातीं आहे. आणि ती मिळेपर्यंत चाळीस एकरांचा तो आंकडा पाठ्यपुस्तकांतून सावधगिरीच्या टीपेवांचून पुढें जाऊं नये, इतकें आम्हांस सुचवावेंसें वाटतें.